चालतंय ना, मग झालं तर!

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय. आणि जरा रागातच लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या. विषय ऐकून निम्मे नातेवाईक पान बंद करतील याची कल्पना आहे, कारण विषय आहे जुन्या कॉम्प्युटरला रॅम कुठली घ्यावी. पण थांबा. यात आजोबांच्या वह्या आहेत, आणि त्या वह्यांचं जे झालं त्याला थोडाफार मी जबाबदार आहे. घरच्यांना अर्धवट माहीत आहे. आज पूर्ण सांगतो.

आमच्या सोनईत, म्हणजे नेवासे तालुक्यातल्या या ऊसपट्ट्यात, कुठल्याही यंत्राबद्दल दोनच मतं असतात. यंत्र सुरू होत असेल तर "चालतंय ना, मग झालं तर!" आणि सुरू होत नसेल तर "लई जुनं झालंय, टाका भंगारात." यांच्या मधलं तिसरं मत कुणाला नसतं. माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे, पण जास्त पहिल्याशी. दुसऱ्या वाक्याने पैसे जातात. पहिल्याने काय जातं ते पुढे सांगतो.

२०२२ मध्ये पुण्याच्या चुलतभावाने मला एक वर्कस्टेशन दिलं. त्याच्या ऑफिसने डिझाइनची जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं एक. २०१२ सालचं झिऑन ई५-१६२०, चार कोर, रॅमला आठ खाचा. वजन म्हणाल तर ज्वारीचं अर्धं पोतं. आत २ जीबीच्या चार पट्ट्या, एकूण ८ जीबी. आजोबांच्या वह्या स्कॅन करायच्या म्हणून मी ते आणवलं होतं.

आजोबांच्या वह्या म्हणजे काय, ते ब्लॉगवरच्या नव्या मित्रांसाठी सांगतो. माणूस चौथी शिकलेला. पण रोज संध्याकाळी विहिरीवर जायचं, दोरी सोडायची, पाणी किती परस खाली आहे ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. पाऊस नक्षत्रावार. मृगात किती, आर्द्रा कोरड्या गेल्या का, हस्ताने झोडपलं का. त्याच पानावर कुठल्या बैलाला काय झालं, कुणाला किती पायली ज्वारी उसनी दिली. तीसेक वर्षं हे चाललं होतं. त्यात १९७२ चा दुष्काळही होता. ज्यांनी खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाल्ला, त्यांना त्या सालाबद्दल वेगळं सांगायला नको.

आता एक पान ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं तर ए-फोर आकाराला साधारण १०४ एमबी होतात. (हिशोब सोपा आहे: आडवे ४९६०, उभे ७०१६ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट.) वहीची दोन पानं जोडायची, डाग काढायचे, थर चढवायचे, की ८ जीबी धापा टाकायला लागते. म्हणून दिवाळीत जवळच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. (नाव, गाव सांगणार नाही. पोरगा कष्टाळू आहे आणि चूक त्याच्या एकट्याची नाही.) त्याने आधी रिवाजाप्रमाणे दुसरं वाक्य म्हटलं, "काका, लई जुनं झालंय, नवं घ्या." मी नाही म्हटल्यावर ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या, जुन्या चार 'बदल्यात' घेतल्या, आणि मशीन सुरू झाल्यावर हात झटकून पहिलं वाक्य म्हटलं. १६ जीबी दिसत होते. मीही म्हटलं, चालतंय ना, मग झालं तर!

२०२३ च्या उन्हाळ्यात मी आणि पुतण्याने सगळ्या वह्या स्कॅन केल्या. फायली बाहेरच्या डिस्कवर टाकल्या, तिच्यावरून पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत काढली, आणि जागा हवी म्हणून मशीनमधल्या पुसल्या. वह्या पुन्हा पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर. २०२४ च्या पावसाळ्यात पेटी खाली काढली तेव्हा दोन वह्यांची वाळवीने माती केली होती. वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, स्कॅन आहेत की! डिस्क लावली. चौदा पानं अशी उघडली की वरचा थोडा भाग नीट, आणि खाली जांभळ्या-हिरव्या पट्ट्या. पेनड्राइव्हवर तेच. साहजिकच आहे, ती प्रत बिघडलेल्या प्रतीवरूनच काढलेली.

चौदा पानं. १९७२ च्या हस्तापासून १९७३ च्या मृगापर्यंतची.

डिस्क तपासली, ठणठणीत. मग एका रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी पडदा लाल. दोनपैकी एका पट्टीत एका ठरावीक जागी एक बिट अडकलेला होता, काहीही लिहा, वाचताना तिथे तेच येणार. दीड वर्ष मशीन 'चालत' होतं. कुठे अडकलं नाही, निळा पडदा नाही, एक चिठ्ठी नाही. कारण फाइल एका डिस्कवरून दुसरीवर जाते ती रॅममधूनच जाते, आणि त्या वाटेवर बसलेला हा चोर ज्या फायली त्याच्या दारावरून गेल्या त्यांच्यातला एकेक दाणा बदलत होता. आमच्या फायली दाबून लहान केलेल्या होत्या. साध्या फाइलमध्ये एक बिट बदलला तर एक ठिपका बिघडेल, कळणारही नाही. दाबलेल्या फाइलमध्ये पुढचं सगळं मागच्यावर अवलंबून असतं, त्यामुळे एक बिट फिरला की पट्टाच्या पट्टा जातो.

आता खरी मेख ऐका. ज्या चार पट्ट्या 'बदल्यात' गेल्या, त्या हा चोर पकडणाऱ्या होत्या! ईसीसी म्हणतात त्याला, चूक शोधून दुरुस्त करणारी रॅम. आणि माझं मशीन मुळातच त्यासाठी बांधलेलं. २ जीबीच्या चार शहाण्या पट्ट्या काढून आम्ही ८ जीबीच्या दोन आंधळ्या पट्ट्या घातल्या आणि त्याला 'अपग्रेड' म्हटलं.

ईसीसी काय करते ते समजायला इंजिनिअर व्हायला नको. किराणा दुकानाची जुनी खातेवही आठवा. चौकटीत आकडे, खाली उभ्या बेरजा, उजवीकडे आडव्या बेरजा. एखाद्या घरातला आकडा चुकला तर एक उभी आणि एक आडवी बेरीज जुळत नाही, आणि त्या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तेच चुकलेलं घर. ईसीसीत दर ६४ बिटांमागे ८ बिट अशाच बेरजांसाठी जास्तीचे असतात. एक बिट फिरला तर जागच्या जागी दुरुस्त, दोन फिरले तर निदान बोंब तरी मारते. ही युक्ती रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाची, बेल लॅब्जमधली, १९५० साली छापलेली. शनिवार-रविवारी लावून ठेवलेलं काम मशीन चूक सापडताच अर्धवट टाकून द्यायचं, म्हणून हा माणूस वैतागला होता. चूक आहे हे त्याला कळतं तर कुठे आहे हे का कळू नये, असा त्याचा सवाल. त्याच्या मशीनला निदान चूक झाल्याचं कळत तरी होतं. माझ्याला तेही नाही!

म्हणजे ६४ च्या जागी ७२. म्हणूनच अशा पट्टीवर ८ ऐवजी ९, किंवा १६ ऐवजी १८ काळ्या चिप असतात. नुसत्या डोळ्यांनी मोजता येतं. मी मोजलं नाही.

"एवढ्या चुका होतात कुठे हो?" असं विचारणारे हमखास भेटतात. होतात. गूगलच्या हजारो सर्व्हरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका सापडल्या. आणि त्यांचा झुकता निष्कर्ष असा की बऱ्याचशा चुका आकाशातून येणाऱ्या किरणांच्या नसून पट्टीच्याच दोषाच्या असतात. म्हणजे एकदा चुकलेली पट्टी पुन्हा पुन्हा चुकते. माझ्यासारखीच! आणि बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या स्कारबीक भागात, मे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली होती. शक्यच नव्हती इतकी, म्हणून लक्षात आलं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, तंतोतंत एका बिटाची किंमत. कारण पक्कं सापडलं नाही, पण संशय बिट फिरल्याचाच.

आपल्या मराठीचं तर आणखी नाजूक आहे. युनिकोडमध्ये 'ल' आणि 'ळ' शेजारी बसलेत, दोघांत एका बिटाचा फरक. एक बिट फिरला की 'काल'चा 'काळ' होतो आणि 'वेल'ची 'वेळ'. आकडे घ्या: ० आणि १, २ आणि ३, ४ आणि ५, ६ आणि ७, ८ आणि ९, प्रत्येक जोडीत फरक एका बिटाचा. गट नंबरातला २ गुपचूप ३ झाला तर शुद्धलेखन तपासणारा ओरडेल का? तोही अंकच, हाही अंकच. चित्रातली जांभळी पट्टी निदान दिसते तरी!

आणि इथे मला आपल्याच लोकांचं नवल वाटतं. आपण ऊसवाले. गाडी काट्यावर न्यायच्या आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेणारी आपली जात. काटामारी हा शब्द या भागात पोराटोरांना कळतो. कांद्याची गोणी आडत्याच्या काट्यावर गेली की चार डोळे काट्यावर असतात. पाच किलोच्या फरकासाठी आपण दिवसभर भांडू. आणि ज्या यंत्रात घराची कागदपत्रं, लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशोब ठेवतो, त्याच्या काट्यावर मात्र आपला आंधळा विश्वास! शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणून जग बघायला येतं. पण तिथे निदान शनीचा धाक आहे असं लोक मानतात. साध्या रॅमला धाक कुणाचा?

पण सगळा दोष आपल्यावर घेणार नाही. ही नववी चिप वर्षानुवर्षं 'मोठ्या लोकांची चैन' म्हणून विकली गेली. ईसीसी चालायला पट्टी, बोर्ड आणि प्रोसेसर तिघांनी हो म्हणावं लागतं. इंटेलने ती सोय झिऑनसाठी राखली आणि घरगुती आय-५, आय-७ मधून बहुतेक बंद ठेवली. पुढे २०२२ च्या सुमारास काही मॉडेलांत दिली, तीही ठरावीक महाग बोर्डांवरच. लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सने जानेवारी २०२१ मध्ये यावरून इंटेलवर जाहीर तोंडसुख घेतलं होतं. मला ते तेव्हा नुसतं भांडखोरपणाचं वाटलं होतं. आता त्याच्या पंगतीत पाट मांडून बसलोय :-) आणि कुणी दुकानदार म्हणालाच, "डीडीआर-५ मध्ये ईसीसी असतंच", तर अर्धंच खरं आहे. ती तपासणी चिपच्या पोटातल्या पोटात असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेची राखण ती करत नाही.

असो. रागावून झालं. आता निवड कशी केली ते सांगतो, कारण नुसतं भांडून पट्टी बसत नाही.

पहिली गोष्ट, किती हवी ते मोजलं. पुण्याहून सल्ला आला, "टाक ६४ जीबी, कटकट नको." मी दोन दिवस नेहमीचं काम करत टास्क मॅनेजर उघडा ठेवला. सगळ्यात जास्त लागली ती १२ जीबीच्या आत. म्हणजे १६ पुरे. उरलेली ४८ जीबी नुसती वीज खात बसली असती. (ज्यांचं काम अजून पेजमेकरवर चालतं त्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. ३२ बिटांचा प्रोग्रॅम एरवी २ जीबीच्या पुढे हात घालत नाही, फार तर ४. आणि विंडोजच ३२ बिटांचं असेल तर घरच्या विंडोजला ४ च्या पुढचं दिसतच नाही. तिथे ३२ जीबी टाकणं म्हणजे घागरीत विहीर ओतणं.)

दुसरी गोष्ट, जात. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या डीडीआर-३ पट्ट्या बाजारात स्वस्त मिळतात, त्याही ईसीसी, त्यांनाही नऊच्या पटीत चिप. बघून हरखलो होतो. पण त्यातल्या बहुतेक 'रजिस्टर्ड', आणि माझ्या मशीनच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, 'अनबफर्ड' हवी. खाचेत दोन्ही बसतात, हीच गोम! लेबल वाचायचं. पीसी-३ १२८०० च्या मागे 'आर' असेल तर रजिस्टर्ड, 'ई' असेल तर ईसीसी अनबफर्ड, 'यू' असेल तर साधी आंधळी. स्वस्त 'आर'चा मोह सोडला आणि 'ई' शोधली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आत्येभावाने तीन दुकानं पालथी घालून वापरलेल्या पट्ट्या मिळवल्या.

तिसरी गोष्ट, संख्या. या प्रोसेसरला रॅमकडे जायला चार वाटा आहेत. प्रत्येक वाटेने सेकंदाला १२.८ जीबी, चारही मिळून ५१.२. दोनच पट्ट्या लावल्या की दोन वाटा बंद, काम निम्म्या रुंदीवर. म्हणून ८ च्या दोनऐवजी ४ च्या चार. बेरीज तीच, १६ जीबी! दुरुस्तीवाल्यानेही १६ च बसवले होते. आकडा तोच, वस्तू वेगळी. दुकानात आकडाच विकला जातो, म्हणून हे दोनदा सांगतो.

चौथी गोष्ट, बसवल्यावर पूर्ण एक रात्र मेमटेस्ट, आणि मगच काम. वापरलेली पट्टी घेताना तपासून बदलून देण्याची बोली आधीच करायची.

२०२५ च्या सुरुवातीला हे सगळं नव्या कॉम्प्युटरच्या दहाव्या भागाइतक्या पैशातही झालं नाही. नंतर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. त्या वर्षाच्या शेवटी एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी रॅम इतकी उचलली की भाव आकाशाला भिडले, आणि मायक्रॉनने डिसेंबरात क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. "जुनं टाका, नवं घ्या" म्हणणाऱ्यांनी जरा तो हिशोबही मांडावा.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर पुतण्या म्हणेल काका एकतर्फी लिहितात. हे मशीन वीज जास्त खातं, एकट्या प्रोसेसरचं कमाल मापच १३० वॉट आहे. विंडोज ११ याला अधिकृतपणे घेत नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे मी लिनक्सवर गेलो, ते सगळ्यांना जमेलच असं नाही. जो फक्त सिनेमे बघतो आणि गाणी ऐकतो त्याला साधी रॅम खुशाल पुरेल. आणि ईसीसी म्हणजे बॅकअप नव्हे. माझी सगळ्यात मोठी चूक रॅमची नव्हतीच. मी प्रती उघडून न बघता मूळ पुसलं. नवी पट्टी ती चूक दुरुस्त करणार नाही. पण माझ्यासारखे आळशी जगात पुष्कळ आहेत, आणि यंत्राने निदान खोटं तरी बोलू नये, एवढंच मागणं आहे. चुकलास तर चुकलो म्हण. बंद पड हवं तर. पण "चालतंय" म्हणू नकोस!

लिनक्समध्ये एक नोंद बघता येते, रॅमने किती चुका दुरुस्त केल्या त्याची. मी रोज सकाळी चहाबरोबर बघतो. कित्येक महिने शून्य होतं. गेल्या श्रावणात एके दिवशी १ दिसला. एक चूक झाली, पकडली, दुरुस्त केली. त्या क्षणी रॅममध्ये काय होतं कोण जाणे. कदाचित काहीच नाही. कदाचित आजोबांच्या एखाद्या पानाचा कोपरा.

त्या चौदा पानांबद्दल आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे रे. त्या साली विहिरीला पाणीच नव्हतं, त्यात वाचायचं काय?" खरंय. स्कॅन करताना ती पानं मी पाहिली होती. रोजची तारीख, आणि पुढे एकच शब्द, 'कोरडी'. तरी माणूस रोज संध्याकाळी जात होता, दोरी सोडत होता, बघून येत होता. काल कोरडी होती म्हणून आजही कोरडीच असेल, असं त्याने घरबसल्या एकदाही लिहिलं नाही.

मी मात्र मशीन सुरू झालं एवढ्यावर समाधान मानलं.

तेव्हा मंडळी, रविवारी मशीनचं झाकण उघडा. चिप मोजा. रात्रभर मेमटेस्ट लावा. आणि जुन्या फोटोंच्या चार फायली, अगदी कुठल्याही चार, उघडून शेवटपर्यंत बघा.

ता. क. घरच्यांसाठी: आजोबांच्या वह्यांच्या काही पानांची झेरॉक्स मागे धाकट्या काकांनी काढली होती म्हणे. कुणाच्या कपाटात, कुणाच्या पिशवीत ती असेल तर कळवा. मी स्वतः येऊन नेतो. आणि या खेपेला उघडून बघतो.